भाकरी जाते, मग पाणी का ठसकतं?

मागच्या अंकातल्या कंपवातावरच्या (पार्किन्सनच्या आजारावरच्या) लेखानंतर बरीच पत्रं आली. त्यातली बहुतेक हाताच्या कापाविषयी नसून जेवणाच्या ताटाविषयी आहेत. एका पत्रात तर एवढंच लिहिलं आहे : 'बाबाना घास गयामा अटकस. काय करो?' (बाबांचा घास गळ्यात अडकतो. काय करावं?) कंपवात, स्मृतिभ्रंश आणि मोटर न्यूरॉनचा (स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी झिजण्याचा) आजार या तिन्हींत गिळण्याची तक्रार येते, पण तिघांत तिचं कारण वेगळं असतं. म्हणून उत्तरंही वेगवेगळी दिली आहेत. पत्रं थोडक्यात छापतो आहोत, नावं गाळून.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे आहेत. कंपवाताला सहा वर्षं झाली. कळण्याची भाकरी, भाजी व्यवस्थित खातात. पाणी पिताना मात्र हमखास ठसका लागतो. घसा तपासून घेतला, गाठ वगैरे काही नाही. घट्ट जातं आणि पातळ अडतं, हे उलटंच नाही का?
— यावल तालुका

उत्तर : उलटं वाटतं खरं, पण मेंदूच्या आजारात असंच होतं. अन्ननलिकेत गाठ असेल तर आधी भाकरी अडते आणि पाणी बराच काळ जात राहतं. मज्जातंतूंच्या आजारात मात्र आधी पाणीच दगा देतं.

घशात हवेची वाट आणि अन्नाची वाट एकमेकींना ओलांडून जातात. जिभेनं घास मागं लोटला की सेकंदभरात बऱ्याच गोष्टी ओळीनं व्हाव्या लागतात. टाळू उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते. श्वास थांबतो. स्वरयंत्र वर आणि पुढं सरकतं, त्याच्यावरचं झाकण कलतं, आतले स्वरतंतू मिटतात. मग अन्ननलिकेचं तोंड उघडतं. गळ्यावर, कंठाच्या उंचवट्यावर बोट ठेवून आवंढा गिळा, स्वरयंत्र वर जाऊन खाली येतं ते बोटाला कळेल. वडिलांच्या गळ्यावरही असंच बोट ठेवून पाहा. कंपवातात ही उचल उशिरा होते आणि अपुरी होते.

भाकरीचा घास चावून, लाळेत भिजून, गोळा होऊन मागं जातो. तेवढ्यात घशाला तयारीला वेळ मिळतो. पाणी जिभेवरून सुटलं की थांबत नाही. झाकण पडायच्या आत ते श्वासनलिकेच्या तोंडाशी पोचलेलं असतं.

आता एक गोष्ट आजच पाहा. वडील पाणी वरून पितात का? तांब्या किंवा बाटली ओठांना न लावता, मान मागं टाकून घशात धार सोडायची, ही आपल्याकडची जुनी सवय. निरोगी माणसाला ती खपते. कंपवाताच्या रुग्णाला नाही, कारण मान मागं गेली की श्वासाची वाट सताड उघडी राहते आणि पाणी थेट तिच्यावर पडतं. बऱ्याच घरांत निम्मा ठसका एवढ्या एका सवयीपायी असतो, असं आमचं मत आहे. पेला ओठांना लावूनच प्यायचं. पेला अर्ध्याहून खाली गेला की तळाचं पाणी घ्यायला मान पुन्हा मागं जाते, म्हणून तो भरलेलाच ठेवा किंवा रुंद तोंडाची वाटी वापरा. एका बाजूची कड नाकासाठी कापलेला प्लास्टिकचा पेला याच कामासाठी मिळतो.

एका वेळी चमचाभर, म्हणजे ५ मिली. तोंडात घ्यावं, ओठ मिटावेत, क्षणभर थांबावं, मग ठरवून गिळावं आणि लगेच दुसऱ्यांदा कोरडं गिळावं. कंपवातात आपोआप होणाऱ्या हालचाली बिघडतात, लक्ष देऊन केलेल्या बऱ्याच अंशी शाबूत राहतात. म्हणूनच जेवताना टीव्ही बंद हवा आणि त्यांना बोलतं करायचं नाही. हनुवटी किंचित खाली घेऊन गिळल्यानं अनेकांना फायदा होतो, पण सगळ्यांना नाही. काहींचं उलट वाढतं, म्हणून ते स्पीच थेरपिस्टला (बोलणं आणि गिळणं तपासणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवून ठरवा.

जेवण खुर्चीवर, पाय जमिनीला टेकलेले, पाठ सरळ. जमिनीवर मांडी घालून बसायची सवय असेल आणि ते पुढं कोसळत असतील तर पाट सोडलेला बरा. भरवणाऱ्यानं उभं राहून भरवू नये. वर बघायला लागलं की मान मागं जाते, म्हणजे तांब्याचीच गोष्ट पुन्हा.

प्रश्न : आमच्या नानांना ठसका अजिबात लागत नाही. तरी चार महिन्यांत दोनदा ताप येऊन न्यूमोनिया झाला. अन्न फुप्फुसात जातंय, असं डॉक्टर म्हणाले. खोकला नसताना कसं जाईल?
— अमळनेर

उत्तर : जातं, आणि हाच प्रकार जास्त धोक्याचा. श्वासनलिकेत काही शिरलं की खोकला यावा यासाठी तिथल्या अस्तराला ते कळावं लागतं आणि खोकायला ताकद लागते. कंपवात आणि स्मृतिभ्रंशात दोन्ही कमी होत जातात. पाणी आत जातं, माणूस शांत बसलेला असतो. 'ठसका नाही म्हणजे गिळणं ठीक' हा समज म्हणूनच सोडून द्या. रुग्णाला 'गिळताना त्रास होतो का?' विचारलं तर 'नाही' येईल. तो खोटं बोलत नसतो, त्याला जाणवतच नाही.

मग ओळखायचं कसं? पाणी पिऊन झाल्यावर त्यांना 'आऽऽ' म्हणायला लावा. आवाज ओला, गुळण्या करताना येतो तसा घरघरता आला तर स्वरतंतूंवर पाणी साठलं आहे. जेवणाला ४० मिनिटांहून जास्त वेळ लागतो का, जेवणानंतर श्वास जलद होतो का, डोळ्यांत पाणी येतं का, संध्याकाळी कणकण येते का, ते बघा. आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, एकाच काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहा. उगाच उतरणारं वजन ही न खोकणाऱ्या माणसाची तक्रार समजा. पेलाभर पाणी सलग पाजून परीक्षा घेणं मात्र घरी करू नका. ती चाचणी आहे, पण ती तज्ज्ञासमोर करायची.

खात्रीच्या तपासण्या दोन. एकीत नाकातून बारीक दुर्बीण घशापर्यंत सोडून रंगीत पाणी आणि घास गिळताना प्रत्यक्ष बघतात. दुसरीत बेरियम मिसळलेला घास गिळताना क्ष-किरणांचं चलचित्र घेतात. साधा छातीचा एक्स-रे न्यूमोनिया दाखवतो, गिळणं दाखवत नाही. जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभागात आधी विचारा. जाताना नेहमीचं अन्न डब्यात आणि गोळ्यांच्या वेळा कागदावर न्या.

तपासणी होईपर्यंत तोंडाकडे लक्ष द्या. लाळ रोज थोडीफार आत झिरपतेच. न्यूमोनिया होतो तो मुख्यतः तिच्यातल्या जंतूंनी. सकाळी, रात्री आणि प्रत्येक जेवणानंतर दात, हिरड्या, जीभ, टाळू मऊ ब्रशनं साफ करा. पेस्ट मटाराएवढी, जास्त फेस नको, चूळ जमत नसेल तर ओल्या गॉजनं पुसून घ्या. कवळी रात्री काढून पाण्यात. मिश्री किंवा तंबाखू असेल तर बंद. तोंडात तिची पूड राहते आणि तीही आत जाते.

प्रश्न : डॉक्टरांनी 'सेमी-सॉलिड द्या' एवढंच सांगितलं. आमच्याकडचं जेवण म्हणजे भरीत, शेवभाजी, भाकरी, खिचडी. यातलं काय चालेल? पाणी घट्ट करायला घरात काय वापरता येईल? सासऱ्यांना बद्धकोष्ठासाठी इसबगोल चालू आहे, तेच पाण्यात घालू का?
— शहादा

उत्तर : शेवटचं आधी. इसबगोलानं पाणी घट्ट करू नका, अजिबात नको. तो पाणी शोषून फुगत राहतो, गिळण्याच्या आधी, गिळताना आणि गिळल्यावरही. घशात किंवा अन्ननलिकेत थोडा राहिला तरी तिथंच बोळा बनतो. गिळायला त्रास असणाऱ्याला तो औषध म्हणूनही देऊ नये, डॉक्टरांना सांगून दुसरं रेचक बदलून घ्या. सब्जाही नको. तो दाणा आणि पाणी असा दुहेरी प्रकार आहे.

हा दुहेरीपणाच खरा शत्रू. दूध-पोहे, शेवभाजी, पातळ वरणात तरंगणारे भाताचे दाणे. तोंड घट्ट भाग चावत असतं तेवढ्यात पातळ भाग मागं घसरतो. शेवभाजीत हे अगदी स्वच्छ दिसतं. वर झणझणीत पातळ रस्सा, आत न विरघळलेली जाड शेव. तीच शेव रस्स्यात शिजवून पूर्ण मोडली, घोटली आणि चमच्यात सुटा रस्सा उरला नाही, तर चालते. चव मारू नका. बेचव अन्नाला गिळण्याचा इशारा क्षीण मिळतो. तिखट बारीक पुडीचं असावं, मिरचीचे तुकडे किंवा तरंगतं तेल नको.

भरताचं वांगं भाजून, सोलून लाकडी बडगीत ठेचलं की लगदा मऊ होतो, पण आपण त्यात घालतो ते शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप आणि पातीचा कांदा, तिन्ही नकोत. फोडणी घालण्याआधीच रुग्णाचा वाटा काढून घ्या, मोठ्या छिद्राच्या चाळणीतून दाबून काढा (बी आणि देठाकडचे तंतू वर राहतात), मग त्यावर हिंग-जिऱ्याचं तेल आणि मीठ. भाकरीचा कडक पापुद्रा आणि कड काढून टाका. आतला मऊ भाग घट्ट वरणात १५-२० मिनिटं भिजवून काट्यानं मोडा. झुणका, फुणके, भगर, फुटाणे, पापड, केळीचे वेफर, शेंगदाण्याची कोरडी चटणी हे कोरडे, चुरा होणारे पदार्थ बंद. पिठलं चालतं, मऊ आणि एकजीव. खिचडीत नेहमीपेक्षा दीडपट पाणी, शिजल्यावर रवीनं घोटणं, वर चमचाभर साजूक तूप. तुपानं घास घसरतो आणि उष्मांकही वाढतात. थंड झाल्यावर खिचडीचा गोळा चिकट होतो, म्हणून थोडी थोडी गरम करून वाढा.

मऊपणा मोजायची सोपी रीत आहे. तुकडा काट्याखाली ठेवून अंगठ्यानं दाबा, नख पांढरं पडेपर्यंत. घास चुरडला आणि दाब काढल्यावर परत फुगला नाही तर मऊ. चावणं जमत असेल तर दीड सेंटीमीटरपर्यंतचे मऊ तुकडे चालतात. चावणं कमी असेल तर ४ मिलीमीटरपर्यंत बारीक आणि ओलसर, काट्याच्या दोन दात्यांमधलं अंतर साधारण तेवढंच असतं.

आता पातळ पदार्थ. 'घट्ट' म्हणजे किती, यासाठी ० ते ७ अशी आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे. डॉक्टर किंवा थेरपिस्टकडून पातळीचा आकडाच मागून घ्या, नुसतं 'घट्टसर' नको. मोजायला १० मिलीची सुईविना सिरिंज लागते. ० ते १० या खुणांमधलं अंतर पट्टीनं मोजा. ते ६१.५ मिलीमीटर असेल तीच सिरिंज घ्या, सगळ्या सारख्या नसतात. दट्ट्या काढा, टोकाला बोट लावा, १० मिलीपर्यंत पेय भरा, बोट सोडा आणि बरोबर १० सेकंदांनी पुन्हा लावा. आत १ मिलीपेक्षा कमी उरलं तर ते पाण्यासारखं पातळ. १ ते ४ उरलं तर पहिली पातळी, ४ ते ८ दुसरी, ८ पेक्षा जास्त तिसरी. काहीच गळलं नाही तर चौथी, ती चमच्यानंच खायची. ही चाचणी ज्या तापमानाला देणार त्याच तापमानाला करा. नागलीची आंबील गरम असताना पहिल्या पातळीत आणि निवल्यावर तिसऱ्यात जाऊ शकते.

पाणी घट्ट करायला औषधांच्या दुकानात झॅन्थन गमची पूड मिळते. प्रमाण डब्यावर असतं, कंपनीगणिक बदलतं. पूड पाण्यावर एकदम टाकली तर गुठळ्या होतात, पाणी ढवळत असतानाच सोडा आणि काही मिनिटं थांबून मोजा. कॉर्नफ्लॉवर किंवा इतर पिठांनी घट्ट केलेलं पेय लाळेतल्या पाचक रसानं पातळ होतं. उष्टा चमचा परत वाटीत गेला की वाटीच पातळ व्हायला लागते. म्हणून वाटी एक, चमचे दोन.

आणि गरजेपेक्षा घट्ट करू नका. फार घट्ट पेय घशाच्या खळग्यांत चिकटून राहतं आणि पुढच्या श्वासाबरोबर आत जातं. शिवाय घट्ट पाणी माणूस कमी पितो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा ही बाब मोठी होते. लघवी गडद आणि कमी होत असेल, झोप वाढली असेल, तर पाण्याचा हिशेब लिहून ठेवायला लागा.

प्रश्न : वडिलांची कंपवातावरची लेव्होडोपाची गोळी घशात चिकटते, म्हणून आई ती कुटून दुधातून देते. हल्ली गोळीचा असर कमी झालाय. आम्ही केळीवाले, पण कुणी सांगितलं की या गोळीबरोबर केळं चालत नाही. खरं का?
— रावेर

उत्तर : दोन चुका एकदम होत आहेत. लेव्होडोपा आतड्यातून रक्तात जाते ती प्रथिनांच्याच वाटेनं. दुधातली प्रथिनं तिला ढकलून पुढं जातात. गोळी जेवणाआधी साधारण अर्धा तास, पाण्याबरोबर. लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि हिच्यात किमान दोन तासांचं अंतर. दुसरं, गोळीच्या नावापुढे सीआर किंवा ईआर असेल तर ती हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. कुटली तर सगळं औषध एकदम सुटतं आणि पुढच्या तासांना काहीच उरत नाही. साधी गोळी कुटता येते, पण आधी दुकानदाराला नव्हे, डॉक्टरांना विचारा. जिभेवर विरघळणाऱ्या प्रकाराचीही चौकशी करा.

गोळी चिकटते त्यावर उपाय : पपईच्या घोटलेल्या गराच्या अर्ध्या चमच्यावर अख्खी गोळी आडवी ठेवून द्या, वर पुन्हा अर्धा चमचा गर. जेवण गोळीचा असर चढलेला असताना, अंग मोकळं असताना. त्याच वेळी गिळणंही सर्वांत बरं असतं. गिळता येत नाही म्हणून ही गोळी मनानं बंद करू नका, एकाएकी बंद केल्यानं ताप, ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकतं.

केळ्याचं म्हणाल तर तो धाक जुना आहे. पूर्वी लेव्होडोपा एकटी दिली जाई, तेव्हा ब जीवनसत्त्वाचा बी-६ हा प्रकार तिचा असर घटवायचा आणि केळ्यात तो आहे. आता तिच्याबरोबर तिला वाटेत मोडू न देणारी कार्बिडोपा असते, त्यामुळे जेवणातलं केळं चालतं. फक्त ते पूर्ण पिकलेलं असावं, काट्यानं चुरून थोड्या दह्यात सैल केलेलं, आणि गोळीच्या वेळेपासून लांब. अर्धकच्चं केळं टाळूला चिकटतं, ते नको.

प्रश्न : आई ५४ वर्षांची आहे. मोटर न्यूरॉनचा आजार निघाला. तीन महिन्यांत ५८ किलोवरून ५२ वर आली. डॉक्टर पोटात नळी बसवा म्हणतात. नातेवाईक म्हणतात, अजून तोंडानं खाते, एवढ्यात कशाला?
— शिरपूर

उत्तर : तोंडानं खाते आहे तोवरच बसवायची असते. ५८ वरून ५२ म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त घट, आणि साधारण दहा टक्क्यांशीच हा निर्णय येऊन ठेपतो. या आजारात जीभ, ओठ, घशाचे स्नायूच बारीक होतात, त्यामुळे व्यायामानं ताकद परत येत नाही. जोर लावून केलेल्या व्यायामानं थकवा मात्र येतो. छातीचे स्नायूही याच क्रमानं कमजोर होतात. श्वासाची क्षमता अपेक्षित आकड्याच्या निम्म्याखाली गेली की दुर्बिणीतून नळी बसवण्याचा धोका वाढतो. म्हणून वाट पाहणं सुरक्षित नाही, वाट पाहण्यातच मुदत निघून जाते. श्वासाची चाचणी याच आठवड्यात करून घ्या. सकाळी डोकं दुखणं, रात्री सपाट झोपता न येणं असेल तर तेही सांगा.

नळी बसली म्हणून तोंड बंद होत नाही. आई आवडीचे दोन-चार घास चवीला घेऊ शकते. दिवसाचं पोषण आणि पाणी नळीतून. जेवणाची दोन-दोन तासांची झुंज संपते. देताना डोकं ३०-४५ अंश वर, दिल्यावर तासभर तसंच. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर ३० मिली पाणी सोडायचं. घरची पेज किंवा वरण दिलं तर दोनदा गाळून, नाहीतर नळी तुंबते. औषधं एकेक वेगळी विरघळवून. नळीनं लाळ फुप्फुसात जाणं थांबत नाही, तेव्हा तोंडाची स्वच्छता आहे तशीच चालू.

प्रश्न : आजी ८६ वर्षांची. स्मृतिभ्रंश बराच पुढं गेलाय. घास गालात धरून बसते. नळी घालावी का?
— पारोळा

उत्तर : इथं आमचं उत्तर शिरपूरच्या उलट आहे. बळावलेल्या स्मृतिभ्रंशात नळीनं आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो, असं आढळलेलं नाही. उलट नळी ओढू नये म्हणून हात बांधायची वेळ येते. त्यापेक्षा हातानं, निवांत भरवा, आणि जागी असेल तेव्हाच. घास गालात राहिला तर रिकामा चमचा जिभेच्या मध्यावर हलकेच दाबा, त्यानं गिळण्याची आठवण होते. एक आंबट-गार घास, एक गोड-कोमट असा बदल करा. गालावर बाहेरून बोटानं हळूच मागं चोळा. जेवणानंतर गालात काही राहिलं का ते बघूनच आडवं करा, तेही अर्ध्या तासानं. खात नाही म्हणून बोटानं तोंड उघडून घास कोंबू नका.

प्रश्न : कंपवातानं लाळ फार गळते. लाळ जास्त तयार होते का? आणि कोरोनात घेतलेलं तीन चेंडूंचं यंत्र फुंकून गिळणं सुधारेल का?
— साक्री

उत्तर : लाळ जास्त होत नाही, गिळली कमी जाते. १८१७ मध्ये जेम्स पार्किन्सन यांनी या आजाराचं पहिलं वर्णन लिहिलं, त्यातही लाळ गळण्याचा उल्लेख आहे. दर थोड्या वेळानं गिळायची आठवण करून द्या, मान खाली न झुकवता सरळ ठेवायला सांगा. लाळ आटवणाऱ्या गोळ्यांनी वयस्कांना भ्रम आणि बद्धकोष्ठ होऊ शकतं. लाळग्रंथीत बोट्युलिनमचं इंजेक्शन हा दुसरा मार्ग आहे, तो मेंदूविकारतज्ज्ञाकडून.

तीन चेंडूंचं यंत्र श्वास आत ओढण्याचं आहे. गिळण्यासाठी उपयोगी ठरलेलं उपकरण श्वास जोरात बाहेर सोडायचं असतं, त्यात स्प्रिंगचा विरोध ठरावीक ठेवता येतो. त्यानं खोकल्याची ताकद वाढते. घरातलं यंत्र उलटं फुंकून ते होणार नाही.

प्रश्न : घास अडकून श्वासच थांबला तर?
— भुसावळ

उत्तर : खोकण्याचा आवाज येतोय तोवर हात लावू नका, पाणी देऊ नका, खोकू द्या. आवाज बंद झाला, हात गळ्याकडे गेला, ओठ निळसर झाले, की दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. माणसाला पुढं वाकवा, दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये तळहाताच्या टाचेनं पाच ठोसे द्या. नाही निघालं तर मागून कवेत घ्या, मूठ बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या खाली ठेवून आत-वर असे पाच झटके. पुन्हा पाच ठोसे, पाच झटके. फार स्थूल असेल किंवा मागून हात पुरत नसतील तर झटके छातीच्या मध्यावर. बेशुद्ध पडला तर जमिनीवर उताणं झोपवून छातीवर दाब सुरू करा. दिसत नसलेला घास बोटानं चाचपडून काढायला जाऊ नका, तो आणखी आत जातो. घास निघाला आणि माणूस बरा वाटला तरी पोटावर झटके दिले असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.